चक्कीची पुकपुक

पियुष बेटा,

"नवं रेकॉर्डिंग ऐकलं काय, बाबा?" असं तू फोनवर इचारलं, तं मी "ठीक हाय" म्हणून मोकळा झालो. खरं सांगू? तुह्या सगळ्या आल्बमांतला पियानो मी रोज ऐकतो. हे पत्र मातर टाकणार नाई, नाईतं तू शेफारशील.

नव्या आल्बमात तुहा डावा हात जो ठेका धरते, त्याले पेपरात लिहिणारा म्हणे अमेरिकेतला जॅझ. मले लय हसू आलं. अरे, आपल्या डिझेलच्या चक्कीच्या धुराड्यावर मी डबी बांधायचो अन् तिची पुकपुक अख्ख्या गावात ऐकू जायची. चक्की सुरू झाली म्हणून बाया दळण घेऊन निघायच्या. तू तिथंच पिठात बसून पत्र्यावर बोटं आपटायचा.

आता इंजिन कवाचंच बंद हाय, सारे मारेगावले दळायले जातात. काल सकाळी मी दार उघडं ठेवून तुहा तोच तुकडा मोठ्या स्पीकरवर लावला. थोड्या वेळात मागच्या गल्लीतली मैनाबाई ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन हजर! तिच्या मागं आणखी दोघी.

म्या म्हटलं, "चक्की नाई वं मैनाबाई, आपला पियुष वाजवून राह्यला, मुंबईत."

तिनं घडीभर कान देऊन ऐकलं, डबा ओट्यावर ठेवला अन् म्हणे, "मंग त्यालेच सांगजा नानाजी, बारीक दळजो म्हना."

डबा अजून ओट्यावरच हाय.

तुहा बाप,
नानाजी चक्कीवाला