जागची न हलणारी घोडी

राजुरा
दि. ४ डिसेंबर २०२३

ती. गं. भा. कमळाबाईस,
धाकट्या दसरूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन करत जा म्हणतेस, पण वीस वर्षं वरातीच्या बँडशेजारी उभं राहून माझे कान गेलेत. फोनवर मी नुसता हो हो करतो आणि तू काय बोललीस ते नंतर शेजाऱ्याला विचारतो. त्यापेक्षा पत्र बरं.

रेवडी वरातीसाठी तयार झाली. घोडीचं असलं नाव कोण ठेवतं म्हणून तू हसली होतीस, पण तिला पाहिलंस तर तुलाही दुसरं सुचणार नाही. आठ महिने लागले. आधी मी लांब उभा राहून डबा वाजवायचो. ती थांबून माझ्याकडे वळली की गूळ. मग रोज दोन पावलं जवळ. आता कानाशी ताशा वाजो की फटाके फुटोत, ती जागची हलत नाही. मान वळवते आणि गूळ मागते.

गडचांदूरचा सुकलू हेच काम पंधरा दिवसांत करतो, पण चाबकाने आणि काटेरी लगामाने. परवा चार लोकांत मला म्हणाला की दसरूभाऊ, तू घोडी शिकवून राह्यला का पोरगी वाढवून राह्यला. मी म्हटलं, मी फक्त तिच्या अंगातली भीती काढतो, बाकीचं ती आपली आपण शिकते.

नवी शिंगरी घेतली आहे, मैना. दोन वर्षांची आहे, होळीनंतर तिला हातात घेईन. आदेशला आणि सूनबाईला आशीर्वाद सांग. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा दसरू


चामोर्शी
दि. १९ डिसेंबर २०२३

चि. दसरूस,
अ. उ. आ.

आमचं धानाचं चुरणं-मळणं आटोपलं. आदेश दिवसभर बाहेर असतो, सूनबाई माझ्याशी भांडत नाही म्हणून वेळ जात नाही. तू वेळेवर लग्न केलं असतंस तर बायकोला इतका गूळ मिळाला नसता, असं ती म्हणत होती. मी म्हटलं, मिळाला असता, पण डबा वाजल्यावर.

एक मनात आलं ते लिहिते. जनावराने कशालाच भिऊ नये हे बरं का रे? आमच्या सुगंधाबाईच्या कळपात एक शेळी आहे. झुडपात पान हललं तरी घराकडे पळत सुटते. सगळे तिला हसतात. पण तिच्या बरोबरीच्या तिन्ही वाघाने नेल्या आणि ती तेवढी आहे. तुला जास्त कळतं, मी आपलं गमतीत लिहिलं.

थंडीत कान बांधून फिर. बहिणीची आठवण असू दे, म्हणजे झालं.

कमळाबाई


राजुरा
दि. २८ जानेवारी २०२४

ती. कमळाबाईस,
सा. न.

आठ दिवस लिहायला बसतो आणि उठतो. रेवडी गेली.

गडचांदूरची वरात करून सकाळी परत येत होतो. वाटेत तिला कडेला चरायला मोकळं सोडलं आणि मी रस्त्यापलीकडच्या हापशीवर बादली भरायला गेलो. वळणावरून चुनखडीचा ट्रक आला. मला काही ऐकू आलं नाही. रस्त्यावर बसलेल्या गायी उठून पळाल्या, तेव्हा मी वळून पाहिलं. चरत चरत रस्त्यावर आलेली रेवडी मधोमध उभी होती, मान माझ्याकडे वळवून. ती गूळ मागत होती, बाई.

ड्रायव्हर खाली बसून रडत होता. म्हणत होता की मामा, म्या किती हारन देल्ला, सारे जनावरं पयाले, हे घोडी काऊन नाई पयाली. मी त्याला सांगू शकलो नाही की मोठा आवाज आला की थांबायचं, हे तिला मीच शिकवलं होतं.

तू लिहिलंस ते खरं निघालं. सुकलूच्या घोड्या मार खातात आणि जिवंत आहेत. काल मैनेला त्याच्याकडे शिकायला पाठवलं. निदान भ्यायला तरी शिकेल. मी हे काम सोडलं. रागावू नकोस, लोभ ठेव.

दसरू


चामोर्शी
दि. ९ फेब्रुवारी २०२४

चि. दसरूस,
अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. शेळीचं मी कशाला लिहिलं असं झालंय. ते पत्र परत घेता आलं असतं तर घेतलं असतं.

आता एक सांगते, ते आजवर कोणाला सांगितलं नाही. आदेशचे वडील मला मारायचे. बावीस वर्षं. तुम्हा सगळ्यांसमोर ते देवमाणूस होते, म्हणून मी गप्प राहिले. आई विचारायची तेव्हा मी विहिरीवर घसरले म्हणायचे. त्यांच्या सायकलची घंटी वाजली की मी गोठ्यात जाऊन उभी राहायचे. भ्यायला मी पक्की शिकले होते, तरी एक दिवस मार चुकला नाही. भिऊन काय मिळालं? स्वतःच्या घरात पायांचा आवाज न करता चालता यायला लागलं.

रेवडीला ट्रकने मारलं. तुझ्या शिकवण्यात काही राहिलं असेल तर ते सुधार. आवाज आला की बाजूला व्हायचं, हेही गुळावर शिकवता येत असेल, आणि तुला नाही तर कोणाला येईल? पण त्या पोरीला सुकलूच्या हाती ठेवू नकोस. पत्र मिळताच निघ. माझ्यावर जीव असेल तर एवढं ऐक.

कमळाबाई


राजुरा
दि. ३ मार्च २०२४

ती. कमळाबाईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दहा दिवसांनी पोचलं. त्याच दिवशी जाऊन मैनेला घेऊन आलो.

भाऊजींच्या मी दर दिवाळीला पाया पडत होतो. भाऊबीजेला ओवाळताना तुझा हात थरथरायचा, निरांजन हलायचं आणि मी तुझी चेष्टा करायचो. घोडीची कातडी थरथरली तर मला वीस पावलांवरून दिसते. तुझा हात माझ्या तोंडासमोर होता. मला क्षमा कर असं लिहायलाही लाज वाटते.

मैना शिकली. सुकलूने मन लावून शिकवलंय. लगाम धरला तर ताशाशी उभी राहते, मोकळी असली तर हॉर्न वाजला की पळते. मी दिसलो तरी भिंतीकडे सरकते. काल तिच्या कपाळावरची माशी हाकलायला मी हात वर केला, तर तिने डोळे मिटले आणि मान खाली घालून उभी राहिली. मला हात खाली घेता येईना आणि तिला लावताही येईना.

आजवर ज्यांची भीती मी काढली, त्यांना कोणी मारलेलं नव्हतं. मार खाल्लेल्या अंगाशी कसं वागायचं ते मला येत नाही. सहा वर्षं झाली भाऊजींना जाऊन. तुझी भीती गेली का, बाई? किती दिवसांनी गेली? मला खरं काय ते लिही, माझी समजूत काढू नकोस. उत्तर येईपर्यंत मी तिला हात लावणार नाही.

तुझ्या लोभाला पारखा होऊ नये एवढीच इच्छा.

दसरू