टाचा टेकत नाहीत

प्रिय सत्यजीत,

तुमचं नाव आजवर उखाण्यातच घेतलं, कागदावर पहिल्यांदा लिहिते आहे. रविवारी सकाळी तुम्ही आत्याबाईंना घेऊन देवदर्शनाहून परत याल, तेव्हा हे पत्र देव्हाऱ्यापाशी सापडेल. त्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या आणून ठेवल्या आहेत. बाकी घर जसंच्या तसं आहे. फक्त ओट्याशेजारी तुमची गाडी दिसणार नाही. घाबरू नका, चोरीला गेलेली नाही.

शिरूरच्या शोरूममधला तो दिवस आठवतो का? आपलं लग्न नवंच होतं. तिथल्या सीमा नावाच्या मुलीनं तुम्हाला मोटारसायकलवर बसवलं, वाकून पायांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सर, टाचा टेकत नाहीत. ही कमी उंचीची बघा, नाहीतर सीटचा फोम थोडा कापून देऊ." किती नीट सांगत होती! पण मागे तुमचे चुलतभाऊ पृथ्वीराज उभे होते. "दादा, गाडीबरोबर शिडी फुकाट हाय का, इचारा की!" सगळं शोरूम हसलं. तुम्ही तिथल्या तिथे तीच उंच गाडी ठरवली आणि सीटला कुणाला हात लावू दिला नाही. वडगाव रासाईत गाडी हारासकट आली, तेव्हा बघायला अख्खा पार भरला होता.

एकटे असलात की तुम्ही ओट्यावरून चढायचात आणि पाराच्या कट्ट्याला टेकून उतरायचात. दौंडच्या बाजारात गर्दी असली की लांबच्या रस्त्यानं जायचात, मध्येच थांबावं लागू नये म्हणून. मी मागे असले की मात्र काळजी नसायची. वेग कमी झाला की मान न वळवता तुम्ही म्हणायचात, "उतर." गाडी थांबायच्या आत मी उडी मारायची, मागची दांडी घट्ट धरायची आणि तुम्ही चवड्यांवर तोल सांभाळत लोकांशी ऐटीत बोलायचं. आत्याबाई कौतुकानं सांगायच्या, "लई चपळ हाय माझी सून." मी तुमचा स्टँड आहे, हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक होतं.

मग वरवंडला, माझ्याच माहेरच्या लग्नात, तुम्ही मांडवासमोर खडीच्या उतारावर थांबलात. नव्या साडीत मला उडी वेळेवर जमली नाही. दांडी हाताला लागली, पण गाडी आडवी होऊन माझ्या उजव्या घोट्यावर पडली. सायलेन्सर पोटरीला चिकटला होता. माझे आप्पा धावत आले, तर तुम्ही त्यांना म्हणालात, "हिनंच हलवली." मग गाडी उचलली आणि टाकीवरचा ओरखडा अंगठ्यानं घासून पाहिला. माझ्या पायाला प्लास्टर चढलं, त्याच आठवड्यात तुम्ही गाडीला क्रॅश गार्ड बसवलात.

घोटा वाकडाच जुळला. परवा तुम्ही आत्याबाईंना सांगत होतात ते मी चुलीपाशी ऐकलं. "हिला कुठं न्यायचं आता? लंगडीला उडी मारता येत न्हाई."

प्लास्टर असताना माहेरी माझी शाळेतली मैत्रीण प्रगती रोज यायची. गायींना कृत्रिम रेतन करायला ती गावोगाव मोटारसायकलवर फिरते. माझ्याहून बोटभर बुटकीच. गाडी घेताना तिनं आधी बसून पाहिलं, मग रंग पाहिला. प्लास्टर निघाल्यावर तिनंच मला तिच्या गाडीवर शिकवलं. "दोन्ही पाय टेकायची हौस कशाला गं? एक पुरतो. थांबायच्या आधी जिमीन बघ. बूड डावीकडं सरकव, डावा पाय पक्का रोव, उजवा ब्रेकावर. आन् चढायचं तर गाडी स्टँडवर असताना, डाव्या फूटरेस्टवर पाय देऊन, घोड्यावर चढल्यावानी." हे मी तुम्हाला आनंदानं सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "लोकांपुढं माकडावानी चढू व्हय?"

काल ओढणी कमरेला बांधून मी तुमची गाडी काढली. माकडासारखी चढले. भीमेच्या पुलापर्यंत जाऊन आले. एकदाही तोल गेला नाही. गाडीत काही दोष नाही, उगाच तिला बोल लावू नका. येताना ती विकास सोसायटीच्या मैदानात मधोमध लावली. पारावरून ती नीट दिसते, पण पाराचा कट्टा तिथून बराच लांब आहे आणि जवळपास टेकायला एक दगडसुद्धा नाही. चावी पृथ्वीराज भाऊजींकडे दिली आहे. "दुसऱ्या कुणी हात लावलेला यांना खपत नाही, हे स्वतःच येऊन नेतील," असं त्यांना बजावलं आहे. भाऊजी हसले. म्हणाले, "वहिनी, काळजीच सोडा. रविवारी आम्ही समदे पारावरच हाय." प्रगती दारात आली आहे. तिच्या मागे बसून मी वरवंडला निघते. ती कुठे थांबली तरी मी बसूनच राहते. गाडी धरायला मी आता येणार नाही, एवढं कळवायला हे पत्र.

कालपर्यंत तुमचीच,
सुलक्षणा