खोक्यावरचा शब्द

टिटवाळा, ४ मार्च

चि. प्रशांत,

अनेक आशीर्वाद. फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि तुला रागवायला पत्रच बरं! दर्शना आणि बाळ कसे आहेत? तुझ्या ताईने नातीचा फोटो दाखवला. नाक आपलं, बाकी सगळी आईवर गेलीय.

आता एक विचारते. डोंबिवलीचं घर आवरताना तू एका खोक्यावर इंग्रजीत जंक लिहिलंस. मी विचारलं, तर म्हणालास, जुनं सामान गं. काल ताईच्या सान्वीला विचारलं. ती म्हणाली, आजी, जे कुणालाच नको असतं ते जंक. उदाहरणंही दिली पोरीने, फुटका माठ आणि बंद पंखा. अरे, त्या खोक्यात माझा लग्नातला पाटा होता! त्यावरचं वाटण खाऊनच मोठा झालास ना रे? मग मला म्हणालास, शिफ्टिंग होईपर्यंत ताईकडे राहा. शिफ्टिंग होऊन महिना झाला.

तुझी आई

ठाणे, ९ मार्च

ती. आईस,

शि. सा. नमस्कार. तुला तोंड दाखवायला जागा नाही. खोकं मी भंगारवाल्याला दिलं. दगड नको म्हणून त्याने पाटा गेटपाशीच टाकला, आणि मी तो उचललासुद्धा नाही. परवा दर्शनाच्या आईंनी बारशासाठी वरवंटा मागितला, बाळाआधी पाळण्याखालून फिरवायला. तोही त्याच खोक्यातून गेला, हे सांगावं लागलं. दर्शना तर रडायलाच लागली. काल डोंबिवलीला जाऊन आलो, तर बिल्डिंग पाडलेली, नुसता राडारोडा. खूप लाज वाटते गं.

बावीसला बारसं आहे. तू ये, आणि आता कायमचीच ये. घर तुझंच आहे.

तुझा अपराधी,
प्रशांत

टिटवाळा, १३ मार्च

चि. प्रशांत,

अनेक आशीर्वाद. लाज वाटली ते बरं झालं, पण हेलपाटा फुकट घातलास. पाटा मला उचलला नसता. तू जुनं सामान म्हणालास तेव्हाच मनात पाल चुकचुकली, म्हणून वरवंटा मात्र मी निघताना खोक्यातून काढून, साडीत गुंडाळून पिशवीत टाकलेला. तुझ्या बारशाला तोच कुंची घालून फिरवलेला, तो भंगारात जाऊ देते होय मी? बावीसला सकाळी घेऊन येते. नाव ठेवायला आत्या हवीच, ताईपण येईल. दर्शनासाठी डिंकाचे लाडू करतेय. तिला काही बोलू नकोस, ओली बाळंतीण आहे.

राहायचं म्हणशील तर, घर तुझंच आहे असं लिहिलंस. माझी कॉट कुठे लावलीस, ते काही लिहिलं नाहीस. वरवंटा तुमच्याकडे ठेवून मी संध्याकाळी ताईबरोबर परत जाईन.

माया आहे तशीच आहे.

आई