दामिनीचा लांब दगड

मी मलप्पा सिद्धराम हालकुडे, वय शहात्तर, धंदा मांडवाचा, राहणार उदगीर, जिल्हा लातूर. डोकं ठिकाणावर आहे, कोणी दटावलेलं नाही; चहासुद्धा स्वतःच्या पैशाचा पिऊन हे लिहीत आहे.

आधी हिशेब. देवणीच्या माझ्या शेतातले दोन दगड मला एका नोकरीला, धाकट्या बहिणीच्या ठरलेल्या सोयरिकीला आणि भावकीतल्या पंगतीला पडले. फुकट उभे केले असं कोणी म्हणू नये.

एक. उदगीरचं घर, मांडवाचं सामान आणि दगडांबाजूची शेतजमीन मुलगा संगमेश्वर याला. सर्कशीच्या तंबूला खुंट्या ठोकत मी वर आलो. आज माझ्या घरात माझा शब्द खाली पडत नाही.

दोन. दगडांखालचे पाच गुंठे पंचफुलाबाईंना. त्या सर्कशीत तारेवर चालायच्या. आता दगडांना चुना त्याच लावतात. जमीन विकू नये, दगड हलवू नयेत.

भगवान नायगावचा, माझ्यासारखाच तंबूचा गडी. लातूरच्या मुक्कामी मधला खांब उभारताना खाली सापडला. भाऊ आला, घड्याळ घेऊन गेला, मयत ठेवून; मग मीच त्याला देवणीच्या शेतात पुरला. दामिनी झोक्यावर कसरती करायची, नांदेडला खेळ चालू असताना पडली. जाळी फाटकी होती. मालक पडद्याआड हळूच बोलला, पण माझे कान तिखट. "जोकर आत सोडा, बँड वाढवा." लोक हसत होते तेव्हा ती जिवंत होती. मी ढोलवाल्याच्या काठ्या हिसकावल्या. नोकरी तिथंच गेली.

तिचा धर्म कोणाला ठाऊक नव्हता, म्हणून भगवानच्या शेजारी आमच्या लिंगायत रीतीनं पुरलं; त्यावरून भावकीनं पंगत बंद केली, बहिणीची सोयरीक मोडली. आमच्यात मयताला बसवतात. तिचा कणा मोडलेला, बसेना. कोणी म्हणालं, "दोरीनं बांधा." मी म्हणालो, "लई झाली दोरी." आडवी ठेवली. म्हणून तिचा दगड लांब, भगवानचा चौकोनी.

तीन. संगमेश्वर म्हणतो, "अप्पा, मुडद्यांशेजारी प्लॉट कोण घेणार? दगड काढू." बाबा, असा शेजार मिळत न्हाई, भांडत न्हाई, पाणी तोडत न्हाई. माझा खड्डा तिथंच, दामिनीच्या पायथ्याशी. मला मात्र बसवा.

चार. त्या मालकाच्या नातवानं कधी मांडव मागितला तर द्यावा. पैसे आगाऊ घ्यावेत.

वरचं सगळं वाचून, पटून सही केली.

मलप्पा सिद्धराम हालकुडे

साक्षीदार: हणमंतराव केंद्रे (सही), गुंडप्पा तोंडारे (सही)

उदगीर, १२ फेब्रुवारी २०२४

ता. क. मुलाची संमती असावी, असं वकील म्हणाले. संगमेश्वर ओसरीवरच होता. दोन हाका मारल्या. आला नाही.