नरसाळ्यातला बुलबुल

दि. १७, मंगळवार
सकाळचे नऊ

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहितो. तुझ्या भावजयीची पाठ आता बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? लेकीच्या घरी जिने फार आहेत, असं ऐकलं. तीनदा फोन केला. दोनदा तू उचलला नाहीस. तिसऱ्यांदा वहिनींनी उचलला आणि म्हणाल्या, "भावोजी, ते आंघोळीला गेलेत." मागे तुझं खोकणं स्पष्ट ऐकू येत होतं. मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार?

आज साडेआठची नोंद: पाऊस शून्य, तापमान सव्वीस, वारा पश्चिमेकडून. ढग मात्र खाली उतरलेत आणि कुंपणाजवळच्या मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून भिंतीवर चढताहेत. तलावावर तुझ्या जागी तात्पुरता आलेला नवा चौकीदार बरोबर पावणेनऊला फोन करतो. "किती?" एवढंच विचारतो. तुझ्यासारखं "काय थेंबमास्तर, आज किती थेंब पकडले?" असं कुणी विचारत नाही आता.

परवा गुरुवारी तुझी चौकशी. निकाल विरुद्ध गेला तर नोकरी जाईल आणि तलावावरची ती दोन खोल्यांची जागाही, हे मला माहीत आहे. सव्वीस वर्षं तू तिथे राहिलास.

मी रोज सकाळी देवापुढे बसतो. पूर्वी बसलो की वाटायचं, त्याने पाठवलेला पाऊस आपण मोजून त्यालाच परत सांगतो, एवढंच आपलं काम. हल्ली बसतो आणि काहीच सुचत नाही. उठतो.

त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. थोडं मागून सुरुवात करतो.

मे महिन्याच्या शेवटी एक कुंभारीण माशी पर्जन्यमापकावर यायला लागली. कंबर दोऱ्याएवढी. नळाखालच्या ओल्या मातीची गोळी तोंडात धरायची आणि नरसाळ्याच्या आत उतरायची. मी वहीच्या उजव्या बाजूला, जीवजंतूंच्या रकान्यात, तिच्या खेपा लिहीत होतो. एका दिवसात एकतीस. तिचं घर काढून टाकायला हवं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आत तिची पिल्लं असणार. पिल्लं बाहेर पडली की काढू, असं म्हटलं. जीव आहे, राहू दे. खरं सांगायचं तर ती बाहेर पडताना मला बघायचीही होती.

त्या पहाटे चार ते सात पाऊस पडला. तुझ्याकडे तलावावर नुसता शिडकावा होता, सगळा जोर वर, माझ्याकडे. पत्र्याचा आवाज इतका, की आम्ही दोघं एकमेकांशी ओरडून बोलत होतो. साडेआठला बाटली काढली, मोजपात्रात ओतली. अकरा मिलिमीटर. वहीत पेन्सिलीनं अकरा लिहिलं. तुझी भावजय दारातून म्हणाली, "अकरा? अहो, रंगाचा रिकामा डबा निम्मा भरलाय!"

मी म्हणालो, "डबा म्हणजे मोजमाप नव्हे."

"मग पत्रा काय उगाच बडवत होता?"

एकोणीस वर्षं आकडे ठेवणाऱ्या माणसाला पत्र्याचा आवाज कोण शिकवतंय, असं वाटलं. तेवढ्यात तुझा फोन. मी अकरा सांगितलं. तू म्हणालास, "अकराच? नीट बघ रे." मी म्हणालो, "नीटच पाहिलंय." हे शब्द तुला आठवत असतील. मला तर आठवतातच.

पन्नासच्या वर आकडा गेला, की तू भोंगा वाजवून तलावाची दोन्ही दारं उघडायचीस, असा नियम. वरचा पाऊस ओढ्यानं तुझ्यापर्यंत यायला चार-पाच तास. अकरावर कोण भोंगा वाजवेल? पावणेबाराला पाणी बांधावरून खालच्या गल्लीत गेलं.

चौकशीचे साहेब तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. ओसरीवर बसून त्यांनी वही मागितली. त्या तारखेपुढे शाईनं स्वच्छ चौऱ्याऐंशी लिहिलेलं होतं. म्हणाले, "वही फार व्यवस्थित ठेवता हो." मग विचारलं, "भावाला हाच आकडा कळवला होता?"

मी म्हणालो, "मी नेहमी वहीतलाच आकडा कळवतो."

यातला शब्द न् शब्द खरा आहे. आणि तू त्यांना "भावानं अकरा सांगितलं" म्हणालास तेव्हा त्यांनी तुझ्याकडे कसं बघितलं असेल, ते मला बसल्या जागी दिसतं.

इथे थांबतो. ढग गडगडतोय.

दुपारचे दोन

पाऊस आला नाही, नुसताच दम देऊन गेला. जेवलो नाही. तुझ्या भावजयीनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही फोनवर अकरा म्हणालात ते मी ऐकलंय. उद्या मला कुणी विचारलं तर मी काय सांगू, तेवढं आज सांगून ठेवा." मग ती मागच्या दारी जाऊन बसली. अजून तिथेच आहे.

सकाळी जे लिहिलं ते अर्धंच होतं. ते वाचून तुला वाटेल, की बिचाऱ्याची चूक उशिरा लक्षात आली, पाणी येऊन गेल्यावर आकडा बदलला, आणि साहेबांसमोर जीभ अडली. तुला तसं वाटावं म्हणूनच मी तसं लिहिलं होतं.

दादा, माझ्या लक्षात दहा वाजून दहा मिनिटांनी आलं.

मी ओसरीत बसलो होतो. एक बुलबुल नरसाळ्याच्या काठावर बसला, आत उतरला आणि पंख फडफडवून आंघोळ करायला लागला. पाणी चहूकडे उडत होतं. मी हसलो. वही ओढून लिहिलं, 'बुलबुल, एक, नरसाळ्यात आंघोळ, १०.१०.' आणि लिहून झाल्यावर कळलं, की नरसाळ्यात पाणी साचायलाच नको, सगळं खाली बाटलीत उतरायला हवं.

माशीच्या मातीनं भोक बुजलं होतं. मी माती काढली. रंगाचा डबा सरळ बाजूंचा, म्हणून त्यात पट्टी बुडवली. तीनदा बुडवली. तिन्ही वेळा चौऱ्याऐंशी. अकरा रबरानं खोडून चौऱ्याऐंशी लिहिलं, तेव्हा घड्याळात दहा चाळीस झाले होते. फोन सदऱ्याच्या खिशात होता.

एक तास पाच मिनिटं, दादा.

आधी वाटलं, तू म्हणशील, "काय थेंबमास्तर, नीटच पाहिलं होतं ना?" आणि आयुष्यभर चारचौघांत सांगत सुटशील. मग वाटलं, तलाव तुझ्या डोळ्यांसमोरच आहे, पाणी चढलेलं तुला दिसेलच. मग वाटलं, आता एवढा उशीर झालाय तर सांगून काय उपयोग. तेव्हा अकरा वाजले होते. भोंगा वाजवायला एक मिनिट लागतं.

मागच्या आठवड्यात खालच्या गल्लीतल्या शिंप्याला भेटून आलो. त्या दिवशी पाण्यानं भिंत पडली ती त्याच्या उजव्या पायावर, मशीन चालवायच्या पायावर. तो म्हणाला, "तुमच्या भावानं नुसता भोंगा वाजवला असता, तरी मी मशीन टाकून पळालो असतो." मी मान डोलावली. दादा, मी तिथे बसून मान डोलावली.

शाळेतल्या गुरुजींनी लावलेली ती सवय तुला आठवते ना, सकाळी पेन्सिल, संध्याकाळी शाई? त्या संध्याकाळी खालच्या गल्लीतून लोक सामान डोक्यावर घेऊन चालले होते आणि मी दिवा लावून पेन्सिलीच्या अक्षरांवर शाई फिरवत होतो. चौऱ्याऐंशीवर फिरवली. हात सवयीनं पुढे गेला आणि बुलबुलावरही फिरवली. साहेबांनी फक्त पावसाचा रकाना पाहिला. उजवा कुणी वाचत नाही. गेले वीस दिवस मी ती ओळ रोज वाचतो. अकराचा पेन्सिलीचा ओरखडाही कागद तिरपा धरला की दिसतो.

गुरुवारी अकरा वाजता मी वही घेऊन चौकशीला येणार आहे. डावा रकाना वाचीन, मग उजवा. फोन किती वाजता झाला, बुलबुल किती वाजता आला आणि मधल्या वेळात माझा फोन कुठे होता, तेही सांगेन. पुढे ते माझं काय करतील ते करोत. तिथून शिंप्याकडे जाईन. हे तू सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकावंस असं वाटलं नाही, म्हणून दूधगाडीवाल्याच्या हाती आजच पाठवतो. तुझ्या भावजयीला आत्ता जाऊन सांगितलं, की जे ऐकलंस तेच सांग. ती उठून ताट गरम करायला गेली.

माफी मागत नाही. मागितली तर ती देण्या न देण्याचं ओझं परत तुझ्याच डोक्यावर.

आज सकाळी ती माशी, किंवा तिच्यासारखी दुसरी, पुन्हा माती घेऊन आली. मी नरसाळ्यावर पिठाच्या जुन्या चाळणीची जाळी बांधली आहे. दोन मिनिटांचं काम. तिनं दोन घिरट्या घातल्या आणि खिडकीच्या चौकटीवर घर बांधायला घेतलं. तिचं काहीच अडलं नाही.

पर्जन्यमापकाचा खांब अजून सरळ आहे, तू पातळी लावून रोवलास तसाच.

वहिनींना नमस्कार.

तुला अकरा सांगून गप्प बसलेला,
तुझा धाकटा