पिठाचा रेणू

माय, आज दुपारी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर पाण्याच्या रेणूचं चित्र उमटलं आणि मला खुर्चीत बसवेना. तू जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हे आधी तुलाच सांगायचं असं वाटलं, म्हणून घरी येऊन चहासुद्धा न टाकता लिहायला बसले आहे.

तुला ती पेटी आठवत असेल. गावच्या शाळेच्या प्रयोगशाळेत तू परिचर होतीस. परीक्षानळ्या धुवायचीस, कपाटं पुसायचीस, आणि एका कपाटात रंगीत गोट्यांची पेटी होती. लाल गोटी म्हणजे ऑक्सिजन, पांढऱ्या दोन हायड्रोजन, आणि त्यांना जोडायला काड्या. मी अकरावीला, वर्गात पहिली, त्यामुळे डोक्यात हवा गेलेली. तू गोट्या पुसता पुसता विचारतेस, “बाई, ह्या काड्या आतमंधी खरंच असतात काय वं?” माझ्या दोन मैत्रिणी शेजारीच उभ्या आहेत. मी म्हणते, “माय, तू फक्त पुसून ठेव. तुले काय समजते त्यातलं?” त्या दोघी हसल्या. तू गोट्या पेटीत ठेवल्यास आणि झाकण लावलंस.

त्या संध्याकाळी तू परातीत ज्वारीचं पीठ मळत होतीस. राग धरून बसणं तुला जमायचंच नाही, आणि मला त्याचाच राग यायचा. तू पिठाचा एक मोठा गोळा केलास, दोन लहान केलेस आणि ते मोठ्याच्या अंगात दाबून बसवलेस. “पाह्य बरं, मले तं हे असं वाटते. काडी कुठीच नाही. आता सांग, मोठा कुठी संपला अन् लहाना कुठून लागला?” मी पुस्तकातून मान वर केली नाही. “परीक्षेत असं कोणी इचारत नाही,” म्हणाले. तू तोच गोळा मोडून भाकर थापलीस आणि मी ती खाल्ली.

माय, खरा प्रश्न तोच होता. इलेक्ट्रॉन रेणूभर पसरलेले असतात, कुठे दाट, कुठे विरळ. अणूच्या केंद्राशी सगळ्यात दाट. रेणूत कुठेही उभं राहायचं आणि जिकडे दाटपणा वाढतो तिकडे चालत राहायचं. ज्या केंद्राशी पोचशील, ती जागा त्या अणूची. असं चालत गेलं की दोन अणूंमधली हद्द आपोआप दिसते, कोणाला आखावी लागत नाही. आणि हद्द कळली की आतलं सगळं मोजता येतं. पाण्यातल्या हायड्रोजनच्या हद्दीत त्याच्या एका इलेक्ट्रॉनमधला अर्धासुद्धा वाटा उरत नाही, बाकीचा ऑक्सिजनने ओढलेला. तोच हायड्रोजन मिथेनमध्ये बघावा तर आपलं जवळजवळ सगळं राखून बसलेला. अणू तोच, पण भोवतीचा दाटपणा बदलला की त्याचा आकार बदलतो, वागणं बदलतं. दोन केंद्रांच्या मधून दाटपणाची एक रेघ जाते हेही खरं, तेव्हा काडी लावणाऱ्यांचंही अगदीच चुकलं नव्हतं. पण पडद्यावर जे दिसलं ते हुबेहूब तुझ्या परातीतलं होतं. एक मोठा, त्याच्या अंगात रुतलेले दोन लहान, आणि जिथे दाबले गेले तिथे चपटे. मी एकटीच हसत सुटले.

मग मी शिकवते त्या वर्गातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. काड्यांची गोष्ट सांगितली, पिठाची सांगितली, आणि मागच्या बाकावरचेसुद्धा उठून पुढे आले. एका मुलीने विचारलं, “मॅडम, हे पिठाचं कोणाले सुचलं होतं?”

मी म्हणाले, “आमच्या सरांना.”

इतक्या सहज तोंडातून गेलं. अजूनही त्या दोन मैत्रिणी शेजारी उभ्या असल्यासारखं. उद्या पहिलाच तास त्याच वर्गावर आहे. ज्वारीचं पीठ डब्यात भरून पिशवीत ठेवलंय. मळून दाखवीन आणि हे माझ्या मायचं, ती शाळेत परिचर होती, असं नक्की सांगेन.

‘नक्की’ लिहिलं खरं, पण ते दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय.