गाण्यात घेतलेलं नाव

नैरोबी,
गुरुवार, ९ जून २०११

प्रिय दोफी,

तुझ्या घरावर शांती असो. गुडघा सोडला तर मी बरी आहे.

काल घेवड्याचे दाणे निवडायला बसले आणि कॉन्व्हेंटचा मागचा व्हरांडा आठवला. शनिवारची दुपार, आपल्या दोघींच्या मध्ये पत्र्याचं घमेलं, आणि तू दाणे निवडायचे सोडून त्यांची लग्नं लावत होतीस. "हा लाल टपोरा माझा. हा किडका तुझा, व्हेना, गरीब आहे पण स्वभावाने चांगला." मी इतकी हसले की सिस्टर वाल्बुर्गा खिडकीतून ओरडल्या, "एक गाते, एक खिंकाळते, काम कोण करतं?" संध्याकाळी आमटीत अळ्या तरंगल्या. उपवासकाळ चालू होता. सगळ्या मुली आपल्याकडे बघत असताना तू ताट सरकवून म्हणालीस, "सिस्टर, मांस आहे, मला चालणार नाही." आपल्याला आठवडाभर भांडी घासावी लागली. त्या आठवड्यात आपण काय काय बोललो, ते एक अक्षरही मला आठवत नाही. फक्त तुझे कोपरापर्यंत राखेने माखलेले हात आठवतात.

मला त्या व्हरांड्यात अजून थोडं बसायचं होतं. पण तुझी तीन पत्रं समोर आहेत. तिन्हींत एकच प्रश्न आहे: नसिमिरे कुठे आहे? तिसऱ्यात तर तू खुशालीही विचारली नाहीस. "तू त्या माणसाला ओळखतेस, व्हेना. त्याला विचार, माझी मुलगी कुठे आहे."

मला त्याला विचारायची गरज नाही. उत्तर मला ठाऊक आहे आणि ते या पत्रात आहे. पुढे वाचण्याआधी तुझ्या धाकट्या बहिणीला हाक मार. तिला शेजारी बसव. एकटी वाचू नकोस.

मी माझ्याच क्रमाने सांगणार आहे. त्यात थोडा भित्रेपणा आहे, तेवढा सहन कर.

मी आपलं बुकावू शहर सोडून नैरोबीला आले तेव्हा आपण सत्तावीस वर्षांच्या होतो. तू म्हणाली होतीस, "जा बाई, नाहीतर इथे चर्चच्या मिसामध्ये गाऊन गाऊन मरशील." इथे पहिली नऊ वर्षं माझ्याकडे कागद नव्हते. हॉटेलात गाताना पोलिसांची गाडी दिसली की मी ड्रमच्या मागे, आणि आमचा गिटारवाला कासोंगो पुढे येऊन एकटाच वाजवत राहायचा. एकदा पकडलीच गेले. सीमेवर सोडून दिलं, तर अकराव्या दिवशी परत. पुढे नाव झालं, तेव्हा तेच पोलीस बायकांना घेऊन नाचायला येऊ लागले. एक गोष्ट मात्र कधीच बदलली नाही. इथल्या लोकांना आमच्या गाण्यातला शब्दही कळत नाही. लिंगाला भाषेत शिव्या घातल्या तरी टाळ्या वाजतात. पस्तीस एक वर्षं असं गायल्यावर बाईला वाटायला लागतं की शब्दांना वजनच नसतं. मी विसरले की तीच गाणी तिकडे रेडिओवर लागतात आणि तिकडे शब्द कळतात.

प्रसूतिगृहाचं तुला ठाऊक आहे. युद्धाच्या वर्षांत माझ्या भाचीला खुर्चीला बांधून डोंगरावरून खाली आणत होते आणि ती वाटेतच गेली. तेव्हा मी ठरवलं की त्या डोंगरावर बाळंतपणाची चार खाटांची जागा करीन. लग्नांत गायले, मयतात गायले, एका दंतवैद्याच्या वाढदिवसाला गायले. भिंती उभ्या राहिल्या. छप्पर मात्र दोन पावसाळे उघडंच राहिलं.

तेव्हा पापा शामावू आला.

गाण्याच्या मध्यावर, गिटार वेग घेते तिथे, पैसेवाल्या माणसाचं नाव पुकारायचं, याला आमच्यात दगड टाकणं म्हणतात. सगळे टाकतात. त्यावरच तर बँड जगतात. मी एकटी टाकत नव्हते आणि त्याचा मला फार गर्व होता. सिस्टरांच्या हातची ना मी.

तो कार्यक्रमानंतर आत आला, टोपी काढून उभा राहिला आणि मला मामा, म्हणजे आई, अशा मानाने बोलू लागला. म्हणाला, "मामा, गाण्यात माझं नाव घ्या."

"मी नाव विकत नाही, पापा."

"कोण विकत घेतंय? तुमच्या आयाबाया उघड्यावर बाळंत होतायत. मी पत्रे पाठवतो, वासे पाठवतो. ते देवाने दिले म्हणा. मला फक्त एवढंच म्हणा: पापा शामावू, मुलींचा बाप. चार मुली आहेत हो मला, त्यांना ऐकून बरं वाटेल."

तो गेल्यावर कासोंगो तारा पुसत म्हणाला, "मामा व्हेना, दगड तो दगडच. पोपच्या टोपीत घालून फेकला तरी टाळकं फुटायचं ते फुटतंच."

"तू तुझी गिटार बघ," मी म्हटलं.

मला खरंच वाटलं होतं की मी स्वतःसाठी काही घेतलं नाही, म्हणजे सगळं स्वच्छ आहे. अर्धं छप्पर झालं. पहिल्याच महिन्यात तिथे सतरा मुलं जन्मली. गाणं गाजलं. आपल्याकडे म्हणे बाजारातल्या बायका मासे विकताना ती ओळ म्हणायच्या.

आता फाइदाबद्दल सांगते. हे नाव तू ऐकलेलं नाहीस, कारण ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

२००८ च्या ऑक्टोबरात, दुपारी आमची तालीम चालू असताना, ही मुलगी दारात येऊन उभी राहिली. वय असेल सतरा-अठरा. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. कंपालावरून आली होती. म्हणाली, "तुम्हीच ना त्या? मुलींचा बाप म्हणणाऱ्या?" मला वाटलं, सही हवी असेल. मी हसले, दोफी. तिने काय सांगितलं ते थोडक्यात लिहिते. शामावू मुलींना किसांगानी शहरात हॉटेलात स्वयंपाकाचं काम देतो म्हणून नेतो. किसांगानीत तसं हॉटेलच नाही. गाडी जंगलात सोन्याच्या खाणीपाशी थांबते. तिथे ताडपत्रीच्या खोल्या आहेत आणि ओळखपत्रं काढून घेतात. फाइदाची आई आधी तयार नव्हती. मग रेडिओवर माझं गाणं लागलं.

मी तिला जेवू घातलं. माझी शाल दिली, कंपालाला शिवणकामाच्या शाळेत घातलं. आणि तिला म्हटलं, "बाळ, हे कुणाला बोलू नकोस, तुलाच धोका आहे." खोटं. धोका छपराला होता. अर्धे पत्रे अजून यायचे होते.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, पळून आलेली पोर काहीही बोलते. तुमचा विश्वास नसेल तर पत्रे थांबवू का?" मी म्हटलं, "नको, नको, तसं नाही." माझ्या तोंडचे शब्द आहेत हे, जसेच्या तसे. कोर्टासाठीच्या जबानीत मी तेच लिहिले आहेत.

त्या नाताळात मी बुकावूला गायले. तू पहिल्या रांगेत होतीस, निळ्या कापडात, आणि तुझ्या शेजारी नसिमिरे. ती ओळ जवळ आली तेव्हा मला नाव गाळता आलं असतं. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तो समोर खुर्चीवर बसला होता. मी नाव घेतलं. नसिमिरे उठून नाचली. नंतर आत येऊन माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "व्हेनामावशी, तुझ्यामुळे माझं काम होणार." मी विचारलं नाही, कसलं काम. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. मी म्हटलं, "देव भलं करो."

मार्चमध्ये ती त्याच्या गाडीतून गेली. तू मला मागून लिहिलंस की तुझा भाऊ नको म्हणत होता, पण तू म्हणालीस, "व्हेना खोटं गात नाही."

दोफी, नसिमिरे या जगात नाही. गेल्या नोव्हेंबरात, बावीस तारखेला गेली. शाबुंडाकडच्या त्या खाणीजवळ सिस्टर बेनिन्य यांचा छोटा दवाखाना आहे, त्यांनी कळवलं. ती बाळंत होत होती. रक्त थांबलं नाही. तिथल्या मुलींनी तिला दाराच्या फळीवर घालून सिस्टरांकडे न्यायला काढलं होतं, पण नदीला पाणी होतं. मूलही गेलं. मुलगी होती.

नसिमिरेने त्यांना फक्त माझं, गाणाऱ्या मावशीचं नाव सांगितलं होतं, म्हणून सिस्टरांचं पत्र मला आलं, फेब्रुवारीत. तुझं दुसरं आणि तिसरं पत्र आलं तेव्हा मला हे ठाऊक होतं. चार महिने मी तुझी पत्रं बायबलच्या खाली ठेवत होते.

इथे काल थांबले होते. आज शुक्रवार.

बुकावूत जेनेरोझ नावाची एक तरुण वकीलबाई आहे. तिने शामावूविरुद्ध दहा घरांतून तक्रारी गोळा केल्या आहेत. अकराव्या, तुझ्या दारी ती आली होती आणि तू तिला परत पाठवलंस, हे तिने मला सांगितलं. मला तुझा राग नाही, तू अजून वाट बघत होतीस. तिचं म्हणणं, आयांचं रडणं कोर्ट ऐकून घेतं आणि पुढची तारीख देतं. त्याच्याकडून काहीतरी घेतलेलं माणूस उभं राहायला हवं. तसं माणूस मी आहे. सुनावणी बावीस जूनला आहे.

हे त्याला कळलंय. सोमवारी फोन आला. आवाज अगदी गोड. "मामा, छप्पर घालता येतं तसं उतरवताही येतं. आणि बसचा रस्ता लांबचा आहे, जपून या." मी घाबरले आहे. उगाच शूरपणा लिहीत नाही. पण येणार आहे. पंधराला कंपालाच्या बसने निघेन, तिथून किगाली, मग घर.

निघण्याआधी एक काम केलं. ते गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. त्याच्या नावाच्या जागी जेनेरोझने दिलेली अकरा मुलींची नावं. कासोंगो आता सत्तरीचा आहे, कान गेलेत, तोंड तसंच आहे.

"अकरा नावं बसत नाहीत, मामा. जागा एका नावाची आहे."

"मग गिटार थांबव."

"गिटार थांबली तर लोक नाचायचे थांबतील."

"थांबू देत."

त्याने गिटार मांडीवर ओढली. मग म्हणाला, "हे तीन वर्षांपूर्वी म्हणाली असतीस तर मी फुकट वाजवलं असतं." आणि वाजवलं, फुकटच. नसिमिरेचं नाव शेवटून दुसरं आहे. ते म्हणताना माझा आवाज फाटला. त्याने पुन्हा घ्यायला नकार दिला.

मी पोचले तर तुझ्या दारी येणार नाही. तू बोलावलंस तरच येईन. नाही पोचले तर काय कुणाला द्यायचं ते लिहून ठेवते. हे पत्र तुझ्या हाती आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर अगाथ देतील, त्यांच्याकडे सगळं आहे.

जाड पाकीट वकीलबाई जेनेरोझला. त्यात माझी सही केलेली जबानी आणि त्याने पाठवलेली दोन पत्रं आहेत. तिच्याच हातात द्यायचं, तिच्या कचेरीतल्या कारकुनाकडेसुद्धा नाही.

गाण्याची तबकडी रेडिओवरच्या त्या दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमाला. ते लावतील की नाही माहीत नाही. दुसरी एक तबकडी बाजारातल्या मासेवाल्यांना दे, त्या लावतील.

प्रसूतिगृहाची किल्ली सुईण म्वामिनीला. तिला सांग, छप्पर गेलं तर जाऊ दे, खाटा त्याच्या नाहीत. शाळेच्या वर्गात हलव म्हणावं.

माझे जरीचे पोशाख फाइदाला, कंपालाला. ते कुणी अंगात घालायचे नाहीत. तिने ते उसवून शिवायला घ्यावेत. नैरोबीची खोली कासोंगोला, तो भाडं चुकवणारच, पण घरमालकीण त्याच्यावर मरते.

सोबतची कापडी पुरचुंडी तुझी. मी उघडली नाही. सिस्टर बेनिन्य लिहितात की आत तिचा कंगवा, कानातलं एक आणि एक वही आहे. दुसरं कानातलं तिच्यासोबत गेलं.

तिची कबर दवाखान्याच्या मागे, चढावर आहे. मूल तिच्याच कुशीत ठेवलंय. त्या जागेवर लाकडी क्रूस आहे, पण नाव नाही. सिस्टरांना तुझ्या घरचं आडनाव माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं आणि चार महिने मी कळवलं नाही. काल कळवलं. तिला तिथेच ठेवायचं की घरी आणायचं, हे फक्त तू ठरवायचं. जो खर्च येईल तो करायला सिस्टर अगाथना सांगितलंय, तुला कुणाला विचारायला लागणार नाही. मला तर नाहीच.

व्हेनान्सी नाबिंतू
(जबानीवरही हेच नाव आहे.)